खराटे लपवलेलं गाव

त्या वर्षीच्या वादळानं पाद्रीबुवांची डुकरीण उचलून चर्चच्या पत्र्यावर नेऊन ठेवली. ती खाली उतरायला तयार होईना. वर वारा चांगला लागतो म्हणून तिथंच व्याली, आणि पुढं कितीतरी रविवार प्रवचन चालू असताना वरून पिल्लांचं ‘आमेन’ ऐकू यायचं. माडांचे शेंडे उडाले ते अजून परत आलेले नाहीत. फिजीवाल्यांना सापडले असतील तर त्यांनी ठेवून घ्यावेत. हे सगळं सोसता आलं असतं. पण वादळामागून पाऊस लागला आणि डोंगरातल्या मळ्यांतलं अळू मुळाशी कुजलं. अळूचे कंद हेच आमचं रोजचं जेवण, ते गेलं की चूल जाते, पाहुणा जातो, रविवार जातो.

आमच्या शेजारच्या उएलेसेचं सगळ्यांत जास्त गेलं, कारण त्याचंच सगळ्यांत जास्त होतं. अंगानं दांडगा, बोलायला कमी, कामाला राक्षस. त्याच्या घरात बायको लेइतू, दोन रांगती-धावती पोरं आणि बहिणीची मुलगी मातालेना. बहीण वाइतोआ ऑकलंडला फळांच्या वखारीत सफरचंदं निवडायला गेलेली. लेकीला ठेवणार कुठं? भावाच्याच घरी. आमच्यात बहीण म्हणजे भावाच्या डोळ्याचा कोपरा. तिच्यापुढं भाऊ पाय पसरून बसत नाही, तिच्या कानावर वेडावाकडा शब्द पडू देत नाही, माशाचा चांगला तुकडा तिच्या पानात. आणि तिचं लेकरू म्हणजे तीच. मातालेनाला अजून दहावं लागलं नव्हतं, पण मानानं ती त्या घरात सगळ्यांच्या वर होती. मानाचं असं असतं की तो पोटात जात नाही आणि ओझंही उचलत नाही.

वादळानंतर उएलेसे उजाडायच्या आत डोंगर चढायचा. टोकदार दांडक्यानं भोक पाडायचं, दगड बाजूला सारायचे, पुन्हा भोक पाडायचं. आमची जमीन म्हणजे थंड झालेला ज्वालामुखी. दांडकं आपटलं की खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. लेइतू गवत काढायची. मातालेना ओझी वाहायची. कावडीच्या दोन टोकांना दोन टोपल्या, खाली उतरताना नारळ, वर चढताना पाणी. दांडा मोठ्या माणसाच्या खांद्याचा होता. तिनं त्याखाली फडकं घातलेलं असायचं, आणि ते फडकं रोज संध्याकाळी ती स्वतःच धुऊन वाळत टाकायची.

लावायला मात्र काही नव्हतं. अळूचा कंद कापून घेतला की वरचा देठासकट शेंडा पुन्हा लावायचा, हेच आमचं बी. शेंडेच कुजले होते. शेवटी उएलेसे बायकोच्या माहेरी गेला. मेहुणे घरात बसले होते, हा दाराशी खाली बसला.

“काय दाजी,” थोरला मेहुणा म्हणाला, “आमच्या बहिणीला मागायला आलात तेव्हा सांगत होतात, माझ्या रानातलं अळू माणसाच्या डोक्याएवढं होतं. डोकं कुठं ठेवून आलात?”

“वादळात गेलं.”

“अन् आता रिकामी टोपली घेऊन आलात. बहीण परत करायची असली तर टोपली जरा मोठी आणायची होती.”

सगळे हसले. उएलेसेही हसला. दोन टोपल्या शेंडे त्याला मिळाले. मोठ्या मनानं दिले, पण द्यायच्या आधी पोट भरून हसून घेतलं.

शेंडे घरामागं सावलीत ठेवले आणि मातालेनाला राखणीला बसवलं. ती पहाटेपासून पाणी वाहत होती. बसली, कलंडली, झोपली. डुकरांना निरोप कोण देतं हे मला अजून कळलेलं नाही. उएलेसे मळ्यातून आला तेव्हा टोपल्या आडव्या होत्या, आणि त्याचीच डुकरं शेवटचे देठ चघळत होती.

तो ओरडला नाही. ओरडून राग थोडा तरी बाहेर पडतो. त्यानं आधी खराटा घेतला, तो आपल्या सगळ्यांच्या अंगावर कधी ना कधी पडलेला असतो. खराट्याचे हीर तुटले. मग त्यानं कावडीचा दांडा घेतला.

आमच्या गावात घरांना भिंती नाहीत. खांब आहेत, वर छप्पर आहे, पावसात झापांचे पडदे सोडायचे. कोण काय जेवलं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं सगळ्यांना दिसतं. म्हणून न बघायची विद्या आम्हाला पाळण्यातच शिकवतात. मला ती अशी साधली आहे की एकदा माझंच डुकर चोर ओढून नेत होते आणि मी शिष्टाचार म्हणून आभाळाकडं बघत होतो. त्या संध्याकाळीही मी आभाळाकडं बघत होतो. माझी बायको सुलिएती हिनं रेडिओवरचं भजन मोठं केलं. पलीकडच्या घरानं पडदे सोडले, पाऊस नव्हता.

दुसऱ्या दिवशी लेइतू पोरीला आमच्याकडं घेऊन आली.

“काकी, जरा हात चोळून द्या. लचकलाय.”

सुलिएती अंग चोळण्यात गावात नावाजलेली. तिनं तेल कोमट केलं, हात मांडीवर घेतला. कोपराखाली सुजून चामडी चिरली होती.

“लचकलाय,” सुलिएती म्हणाली.

“लचकलाय,” लेइतू म्हणाली.

मातालेना दातात फडकं धरून छपराकडं बघत होती.

*

याच दिवसांत सरपंच निरोप घेऊन आला. पंचांच्या घरात सगळे मानकरी आपापल्या खांबाला टेकून बसले होते. मी माझ्या नेहमीच्या मागच्या खांबाला. गुडघे गेल्यापासून बोलायचा मान मी सापोलूला दिलेला आहे. सापोलू म्हणजे आमच्या गावचं तोंड. चवरी खांद्यावर टाकून उभा राहिला की समुद्रसुद्धा जरा ओहोटी घेतो.

सरपंच म्हणाला, “राजधानीतून बाई येणार आहेत. सगळा देश फिरताहेत. लेकरांना मारझोड होते, हाल होतात, ते होऊच नयेत म्हणून देशाची तयारी किती झाली आहे, ते बघणार. कचेऱ्या बघितल्या, इस्पितळं बघितली, आता गावं.”

“तयारी बघणार म्हणजे?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“गुण देणार आहेत म्हणे.”

गुण म्हटल्यावर सगळ्यांची पाठ ताठ झाली. आमच्याकडं महिला मंडळाची घरतपासणी असते. घराघरांनी चटया, मच्छरदाण्या, भांडी बाहेर मांडायची, मंडळाच्या बायका रांगेनं फिरणार, कुणाच्या मच्छरदाणीला भोक निघालं की दंड. आजूबाजूच्या गावांत त्यात आमचा हात धरणारा कुणी नाही. पंचांना वाटलं, ही त्यातलीच मोठी तपासणी.

“मग ते काम बायकांचं,” सापोलू म्हणाला, आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण महिला मंडळाची मुख्य माझ्याच घरात होती.

सुलिएतीनं मंडळ बोलावलं. मी पडद्याआडून ऐकत होतो.

“त्या बाईला काय बघायचंय? मार. मार कशानं देतो आपण? खराट्यानं. तेव्हा त्या दिवशी गावात एक खराटा दिसता कामा नये.”

“अन् पट्टे?”

“ते कमरेला असतील तर असू देत.”

“अन् पोरं? माझ्या धाकट्याच्या पायावर अजून वळ आहेत.”

सुलिएती म्हणाली, “ज्यांच्या अंगावर काही दिसतंय, ती पोरं सकाळीच डोंगरावर पाठवायची. म्हणायचं, वनभोजनाला गेली.”

ठरल्याप्रमाणं सगळे खराटे गोळा होऊन चर्चमागच्या होडीच्या छपराखाली गेले. पोरं भल्या पहाटे रांगेनं डोंगर चढायला लागली. किती गेली ते सांगत नाही. खोटं सांगितलं तर तुम्ही मानाल आणि खरं सांगितलं तर मानणार नाही. मातालेना उएलेसेबरोबर गेली. हात फडक्यात गळ्याला बांधलेला, ताप अंगात. सुलिएतीनं तिला बघितलं आणि म्हणाली, “वर हवा चांगली असते.”

खराट्यांचं एक राहूनच गेलं होतं. वादळात बोडके झालेले नीरफणस नुकते पालवले होते, आणि उरलीसुरली जुनी पानं त्यांनी नेमकी त्या रात्री टाकून दिली. सकाळी गावच्या पटांगणावर ढोपरभर पानं. आमचं गाव दिवसातून दोनदा झाडलं जातं. त्या दिवशी मानकरी वाकून वाकून हातानं पानं उचलत होते, आणि ती उचलून ठेवायची कुठं, तर एकमेकांच्या दारात.

गाडी आली तेव्हा हे चाललंच होतं.

फिलोमेनाबाई आमच्याच बेटांवरच्या होत्या, चाळिशीच्या, फुलाफुलांचा लांब घागरा आणि साधी चप्पल. चप्पल बाहेर काढून त्या आत आल्या, मांडी घालून बसल्या, पायांवर चटई ओढून घेतली. रीत माहीत असलेल्या पाहुण्याची जास्त भीती वाटते. सापोलूनं स्वागताचं भाषण केलं. त्यात त्यांचं गलबत चंद्रावरून आलं, आमच्या गावच्या अंगणात नांगरलं, आणि वाटेत शार्क माशांनी वल्ही मारली. त्या शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिल्या.

मग म्हणाल्या, “गावात मुलं दिसली नाहीत.”

“वनभोजनाला गेलीत,” सापोलू म्हणाला. “आनंदानं.”

“शाळेचा दिवस आहे.”

“म्हणूनच तर आनंदानं.”

मागून सुलिएती खोबऱ्याचं दूध घातलेला कोको घेऊन आली. फिलोमेनाबाई पटांगणाकडं बघत होत्या.

“आमच्याकडं पाहुणा येतो त्या दिवशी केर काढत नाहीत,” सुलिएती म्हणाली. “पाहुण्याचं पुण्य झाडलं जातं.”

“माझं आजोळ डोंगराच्या पलीकडं आहे, काकी,” त्या कोको घेत म्हणाल्या. “तिथं पाहुणा यायच्या आधी दोनदा झाडतात.”

सुलिएती रिकामं ताट छातीशी धरून मागं सरली.

बाईंनी कागद काढला. “मी प्रश्न विचारीन. उत्तराला शून्य, एक किंवा दोन. पहिला. मुलांचे हाल होतात हा प्रश्न गावातल्या वडीलधाऱ्यांना महत्त्वाचा वाटतो का?”

सापोलूनं चवरी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकली. “बाई, लेकरू म्हणजे देवाघरचं गलबत. ज्या दिवशी पहिलं बेट समुद्रातून वर आलं…”

“म्हणजे हो?”

“‘हो’ फार लहान शब्द झाला.”

“मग दोन लिहू?”

“तीन नाहीत का?”

“नाहीत.”

“मग दोन लिहा, आणि वरचा एक आमच्या नावावर ठेवा.”

पंच हसले. बाईही थोड्या हसल्या. पुढचे प्रश्न तसेच गेले. हे हाल थांबवायचं काम माहीत असलेली माणसं आहेत का? सगळीच. कायदा माहीत आहे का? आम्हीच तर कायदा. आईबापांना न मारता वळण लावायला कुणी शिकवतं का? पाद्रीबुवा शिकवतात, दर रविवारी, अर्धा तास. दोन, दोन, दोन. मला वाटलं, आपण आता देशात पहिले येणार.

“बरं,” त्या म्हणाल्या. “एखाद्या मुलाला फार मार बसला, तर ते कुणाकडं जाईल?”

“आईबापांकडं.”

“त्यांनीच मारलं असेल तर?”

“आजोबांकडं.”

“आजोबा त्यांच्याच बाजूनं असतील तर?”

“मग आमच्याकडं. पंचांकडं.”

“मूल या घरात येऊ शकतं? इथं बसून बोलू शकतं?”

सापोलूनं आजूबाजूला बघितलं. “मुलं इथं येत नाहीत, बाई. हे मानकऱ्यांचं घर. ती लांबून जातात, तीसुद्धा वाकून.”

“मग ते सांगणार कसं?”

“सांगायला कशाला लागतं? आमच्याकडं भिंती नाहीत. आम्हाला सगळं दिसतं.”

“दिसल्यावर काय करता?”

सापोलूचं तोंड उघडलेलं होतं. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. त्याच्या तोंडाला शब्द कमी पडलेला मी बघितलेला नाही. तो शब्द शोधत असतानाच सगळ्यांच्या माना पटांगणाकडं वळल्या.

उएलेसे येत होता. पंच बसलेले असताना त्या वाटेनं कुणी जात नाही. जायचंच झालं तर वाकून, कडेनं. हा सरळ मधून येत होता, पानं तुडवत. गुडघ्यापर्यंत चिखल. पाठीवर मातालेना, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर लटकलेलं. मागून डोंगरावर पाठवलेली पोरं उतरत होती, वळ आणि फडकी आणि सुजलेले ओठ घेऊन, कारण मोठं माणूस खाली निघालं की पोरंही निघतात.

उएलेसे पायरीशी थांबला. “गाडी पाहिजे.”

“उएलेसे, खाली बस,” सापोलू दबक्या आवाजात म्हणाला. “पाहुणे आहेत.”

“हिला शुद्ध नाही, सापोलू. हात काळा पडलाय. गाडी पाहिजे.”

फिलोमेनाबाई उठून बाहेर आल्या होत्या. फडकं बाजूला करून त्यांनी हात बघितला. “कशानं झालं?”

“पडली,” मागून कुणीतरी म्हणालं. “नीरफणसावरून.”

“पडली नाही,” उएलेसे म्हणाला. “मी मारलं. कावडीच्या दांड्यानं.”

तो हे असं म्हणाला जसं कुणी आपलं नाव सांगतं.

बाईंनी त्याच्याकडं एकदा बघितलं. “तुम्ही गाडीत नको. घरातलं बाईमाणूस द्या.” लेइतूच्या कडेवर एक आणि पदराला एक होतं. सुलिएती ताट खाली ठेवून गाडीत जाऊन बसली, आणि मातालेनाचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी सुरू झाली तसा सापोलू चवरी सावरत खिडकीशी धावला.

“बाई, आमचे गुण…”

“दार नीट लावा,” बाई म्हणाल्या.

*

सुलिएती इस्पितळातून परत आली ती दुसऱ्याच दिवशी, पण मला वाटतं अर्धी तिथंच राहिली. हाड मोडलेलं होतं. मोडलेल्या हाडावर चोळल्यामुळं आत आणखी बिघडलं होतं, चिरीतून विष चढलं होतं. हात वाचेल, पण पूर्ण सरळ होईल की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

“कुणी चोळलं म्हणून डॉक्टरनं विचारलं,” ती म्हणाली. “मी सांगितलं, मी. त्यानं मान खाली घालून लिहून घेतलं.” तेलाची बाटली तिनं मोरीत उलटी करून ठेवली. त्यानंतर तिनं कुणाचा हात चोळलेला नाही.

पंच बसले. उएलेसेला दंड झाला. पाहुण्यांसमोर गावाची शोभा केली, बसलेल्या पंचांमधून ताठ चालत आला, याबद्दल. त्यानं उरलेली डुकरं आणून पंचांपुढं बांधली. शेंडे खाल्लेली डुकरं ती हीच. रीतीप्रमाणं भट्टी पेटली, दगड तापले, मांस वाटलं गेलं. चांगलं मऊ शिजलं होतं.

मी माझा वाटा घरी आणला. सुलिएतीनं पानावरचं झाकण काढून बघितलं.

“हा कशाचा दंड?”

“शोभा केल्याचा.”

“अन् हाताचा कुठं आहे? की तो यातच धरलात?”

“तुझ्या खराट्यांचा दंड अजून बाकी आहे,” मी थट्टेनं म्हणालो.

“घ्या ना,” ती म्हणाली. “माझा घ्या, रेडिओचा घ्या. तुमचा कोण घेणार आहे?” तिनं मांस शेजारच्या कुत्र्याला घातलं. असलं कुत्रं की त्याला वादळात एक कान गेल्यावर दुसऱ्यानं दुप्पट ऐकू यायला लागलं होतं. पण त्या दिवशी बोलावूनही ते लवकर आलं नाही.

फिलोमेनाबाई पुन्हा आल्या, राहिलेले प्रश्न पुरे करायला. या वेळी पटांगण झाडलेलं होतं, पोरं शाळेत होती, स्वागताचं भाषण छोटं झालं. गलबत आलं, पण समुद्रावरूनच.

“दिसल्यावर काय करता, इथं थांबलो होतो,” त्या म्हणाल्या.

सापोलू चवरीचे केस बोटांत पिळत राहिला. मग म्हणाला, “आभाळाकडं बघतो.”

“किती लिहू?”

“शून्य लिहा.”

“अरे, एक तरी,” एक म्हातारा कुरकुरला. “पोरीला गाडीत बसवलं की आपण.”

“गाडी त्यांची होती,” सापोलू म्हणाला. “आणि मागचे दोन-दोनही खोडा, बाई. सगळे.”

बाईंनी खोडले नाहीत. बाजूला काहीतरी लिहिलं. “राजधानीतही सगळीकडं दोनच मिळाले होते मला,” त्या म्हणाल्या. “कचेरीत विचारलं की म्हणतात, गावं बघतात. गावात विचारलं की म्हणतात, कचेरी बघते. कायदा आहे, खातं आहे, फोनचा नंबर भिंतीवर लावलेला आहे.”

“मग देशाची तयारी किती म्हणायची?” सरपंचानं विचारलं.

“ते मीच तुम्हाला विचारायला आले होते,” त्या म्हणाल्या, आणि कोको संपवून पुढच्या गावाला गेल्या.

*

वाइतोआ ऑकलंडहून आली ती थेट इस्पितळात. तिथून लेकीला घेऊन भावाच्या घरी आली. ते घर बहिणीचं आधी, भावाचं नंतर. उएलेसे बायकापोरांसकट मागच्या चुलीच्या खोपीत राहायला गेला. गाव कान टवकारून होतं. बहिणीचा शाप भावाला लागतो, त्याच्या पोरांना लागतो, त्याच्या झाडांनाही लागतो. आमच्या मामाच्या मामाला लागला तेव्हा त्याच्या माडांना नारळांऐवजी दगड धरले होते. वाइतोआनं शाप दिला नाही. आवाजही चढवला नाही. ती लेकीचे केस विंचरायची, भात कालवून द्यायची आणि भावाशी एक शब्द बोलायची नाही. ऑकलंडला लेकीला बरोबर नेणार होती. दुपारच्या बसनं बंदर, तिथून पुढं.

जायच्या दिवशी उजाडताना मी उठलो तर उएलेसे घरापुढच्या खडीवर गुडघे टेकून बसला होता. डोक्यावरून मानाची चटई पांघरलेली, त्याच्या आजीनं विणलेली, रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसांची, घराण्यात लग्नामरणालाच निघणारी.

एका घराण्याच्या हातून दुसऱ्याचं रक्त सांडलं की असं बसतात. इफोगा म्हणतात त्याला. ज्यांचं वाईट झालं त्यांच्या दारात, सूर्य उगवायच्या आत, चटईखाली मान देऊन. दुखावलेल्यांनी चटई उचलली तर भांडण मिटलं. नाहीतर कोयता घेऊनही येतात. पण हे दोन घराण्यांमधलं. आपल्याच घरापुढं, आपल्याच बहिणीच्या लेकीसाठी बसलेला माणूस कुणी बघितलेला नव्हता. सापोलू आला, बाकीचे मानकरी आले. भाषण कुणी कुणाच्या वतीनं करायचं तेच ठरेना.

ऊन खडीवर आलं तेव्हा वाइतोआ खांबाशी येऊन उभी राहिली.

“वाइतोआ,” सापोलू म्हणाला, “भाऊ बसलाय. चटई उचल.”

“हात कुणाचा मोडला?”

“पोरीचा.”

“मग ती उचलेल.”

“लेकरू चटई उचलत नाही. अशी रीत नाही आपल्याकडं.”

“बहिणीच्या लेकीला कावडीच्या दांड्यानं मारायची आहे का?”

वाइतोआ आत वळून म्हणाली, “मातालेना, मामा बसलाय. उचलायची का चटई?”

मातालेना बशीतला कोकोभात डाव्या हातानं खात होती. उजवा कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरात. तिनं बाहेर बघितलं. घास गिळला.

“आत्ता नको,” म्हणाली.

“आत्ता नको म्हणते,” वाइतोआनं पंचांना सांगितलं आणि पिशवी भरायला बसली.

आता करायचं काय? जाताही येईना, बसताही येईना. चवऱ्या आणि काठ्या घेतलेले मानकरी, ज्यांच्यापुढून पोरं वाकून जातात, ते पोरीचा भात संपायची वाट बघत उन्हात उभे राहिले. तिनं भात सावकाश संपवला. बशी धुतली, एका हातानं धुवायला वेळ लागतो. आईनं केसांत फूल खोचलं. खडी तापली. चटईखालून श्वास तेवढा ऐकू येत होता. लेइतू खोपीच्या दाराशी पोरांना धरून उभी होती. माझ्या शेजारी सुलिएती होती, आणि ती सरळ समोर बघत होती.

बसनं वळणावर भोंगा दिला. वाइतोआनं पिशवी उचलली आणि बाहेर आली. भावावरून ती जरा कडेनं गेली, थांबली नाही. मातालेना मागून आली. चटईशी आली तेव्हा थांबली. तिनं चटईच्या कडेची लाल पिसं डाव्या हाताच्या बोटांनी चाचपून बघितली, जशी कुणी कापडाचा पोत बघतं. मग हात काढून घेतला.

“मामा,” ती म्हणाली, “ऊन आलंय. सावलीला सरका.”

आणि आईमागं बसकडं चालत गेली.

बस निघाली. धूळ बसली. तरी चटई हलेना. आम्हाला वाटलं, आत माणूस मेला. मग ती हलली. गुडघ्यांवरच, न उठता, डोक्यावरची चटई तशीच धरून, खडीवरून एकेक गुडघा पुढं टाकत उएलेसे नीरफणसाच्या सावलीकडं सरकायला लागला. त्याच्या वाटेत सापोलू उभा होता. सापोलू चवरी खाली घेऊन बाजूला झाला. कुणी हसलं नाही. खडीवर मागं दोन ओल्या रेघा उमटत होत्या, आधी घामाच्या, मग लाल.

सावलीत पोचून तो थांबला. लेइतूनं करवंटीत पाणी आणून चटईच्या कडेला ठेवलं. चटई उचलायला तिचा हात पुढं झाला नाही, आमच्यापैकी कुणाचाच झाला नाही. ज्या हाताचं ते काम होतं तो प्लास्टरात होता, आणि बस तोवर बंदराच्या वळणाला लागली होती.